नाव कुणी घातलं?

सकाळी अकरा ते एक या वेळात तावरे सिस्टर कुणाच्याही हाकेला ओ देत नसत. स्वयंपाक अकराच्या आत उरकलेला, दारावरची घंटा बंद, आणि जेवणाच्या टेबलावरचे डबे बाजूला सारून पाटी उभी केलेली. पाटी म्हणजे घडी घालून पिशवीत टाकता येईल असा पातळ पडदा. वाळेगावच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काढल्यावर बाईंनी ही नवी ड्यूटी धरली होती, तीही बिनपगारी. त्यांची लेक केतकी तिला 'आईची ओपीडी' म्हणायची.

त्या गुरुवारचा पहिला पेशंट कुठला होता, त्याचं नाव काय, हे सिस्टरना माहीत नव्हतं आणि कळणारही नव्हतं. एवढंच दिसत होतं, की तो चाळिशीचा आहे, दुधाचा धंदा करतो, आणि एका वस्तीवरचे लोक विहिरीत औषध टाकतात असा निरोप दोनशे जणांना पुढे पाठवायच्या बेतात आहे.

सिस्टरनी लिहिलं, "दादा, एक विचारू का? हे वाचून घरातलं पहिलं कोण आठवलं?"

सिस्टर थांबल्या. सलाइन लावल्यावर बाटलीकडे बघत बसायची सवय होतीच.

"पोरगी," तिकडून आलं. "त्याच वाटेनं शाळेला जाते."

"मग काळजी खरी आहे. पण पोरीची काळजी दोनशे जणांना कळवून पोरीचं काय भलं होणार?"

मग दोनच शब्द आले, "नाही पाठवत." पाटीच्या कोपऱ्यातला आकडा एक पूर्णांक चारवरून शून्य पूर्णांक सातवर उतरला, आणि सिस्टरनी स्वतःलाच शाबासकी द्यावी तसा चहाचा घोट घेतला.

हा आकडा म्हणजेच 'शेजार' या यंत्रणेचा जीव होता. द्वेषाचा निरोप साथीच्या रोगासारखा पसरतो, हे जुनंच होतं. एक माणूस सरासरी किती जणांना लागण करतो त्यावर साथीचं भवितव्य ठरतं. आकडा एकच्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर आपसूक विझते. नवा शोध लागला तो पुढचा. निरोप सगळ्यांमुळे सारखा पसरत नाही. दर हजारात चार-दोन माणसं अशी असतात, की त्यांच्या हातून गेला तरच त्याला पाय फुटतात, कारण त्या विषयात लोक त्यांचं ऐकतात. पाण्याबद्दल प्लंबरचं, शाळेबद्दल मास्तरांचं. याला यंत्रणेत विश्वासभार म्हणत. कुठल्या निरोपाला कुणाचा भार मिळणार, हे यंत्र आधी सांगू शकत होतं. पण त्या माणसाशी बोलणं मात्र यंत्राला जमलं नाही. लोक यंत्राला शिव्या घालून निरोप आणखी जोरात पाठवू लागले. म्हणून घरबसल्या बोलणारे हजारो स्वयंसेवक आले, ज्यांना 'शेजारी' म्हणत.

शेजाऱ्यांना नियम तीन. आपल्या तालुक्यातलं प्रकरण हातात घ्यायचं नाही. खोटं खोडण्यासाठीसुद्धा खोटं पुन्हा उच्चारायचं नाही. आणि कुणाचंही नाव घ्यायचं नाही. सिस्टर आता नव्या शेजाऱ्यांच्या शिकवण्या घेत. दोन्हीकडचे चेहरे झाकलेले, आवाज बदललेले, तरी बाई दरडावून सांगत, "राग आला तर येऊ द्या, नाव तेवढं घेऊ नका. नाव घेतलंत की अफवेला पत्ता मिळतो."

बारा वाजता गच्चीवरून पिंजणाची घरघर ऐकू येऊ लागली. दस्तगीर नदाफ वर बसून घरातली जुनी गादी उसवून कापूस पिंजत होता. केतकीला आठवा लागला होता, पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली होती. तावऱ्यांकडे लेकीच्या बाळंतपणाला आजीच्या गादीतलाच कापूस नव्यानं पिंजून भरायची रीत होती. बाळंतिणीला गादी आणि उरल्या कापसाची बाळाला उशी. केतकीच्या वेळी दस्तगीरच्या बापानं भरली होती, आता दस्तगीर भरत होता. त्याच्या दोन्ही मुली सिस्टरांच्या हातावर जन्मलेल्या, त्यामुळे मजुरीची गोष्ट काढली की दोघांत भांडण ठरलेलं.

"आई, हे बघ." केतकी फोन घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

वॉर्डाच्या ग्रुपवर एक आवाज आला होता. आवाज ओळखीचा नव्हता. सोबत रक्तानं माखलेल्या कापसाचा फोटो. 'आपल्या गावात एक गादीवाला आहे. दवाखान्यातला वापरलेला कापूस आणतो आणि आपल्या लेकरांच्या उशांत भरतो. मुद्दाम भरतो. कोण लोक आहेत ते सांगायची गरज नाही. सावध राहा.'

डोक्यावर गच्चीत घरघर चालूच होती. सिस्टरांचं अंग तापलं.

"कोण मेला हा!" त्या म्हणाल्या. "गावात गादीवाले तीन. त्यातला 'कोण लोक' म्हणण्यासारखा एकच."

"तू शेजारला कळव."

सिस्टरनी कळवलं. पाटीवर उत्तर आलं : निरोपाचा आकडा शून्य पूर्णांक आठ. सध्या शेजारी नेमण्याची गरज वाटत नाही. लक्ष ठेवले आहे.

"गरज वाटत नाही!" सिस्टर कडाडल्या. एकतीस वर्षं त्या 'बघू, सकाळपर्यंत थांबू' म्हणणाऱ्या डॉक्टरांशी भांडल्या होत्या, आणि दहातल्या आठ वेळा बाईच खऱ्या ठरल्या होत्या. आकडा एकच्या खाली आहे, म्हणजे निरोप आपल्या मरणानं मरतो आहे, हे त्या रोज दुसऱ्यांना समजावून सांगत. आज त्यांना त्यात फक्त कुणाचा तरी आळस दिसला.

"आई, थांब ना जरा. तूच तर सगळ्यांना थांबायला शिकवतेस."

"परक्या गावासाठी थांबता येतं गं. हा माणूस माझ्या डोक्यावर बसून कापूस पिंजतोय."

आणि त्यांनी वॉर्डाच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी इंदुमती तावरे, निवृत्त परिचारिका. दवाखान्यातला वापरलेला कापूस पिवळ्या पिशवीतून थेट जाळायला जातो, तो बाहेर येत नाही. आपला दस्तगीर नदाफ असलं काही कधीच करणार नाही. मी त्याला तीस वर्षं ओळखते.'

लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. अगदी मोकळं वाटलं, हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढे दिवसभर त्या मोकळेपणाचीच त्यांना लाज वाटत राहिली.

पाऊण तासानं कुंभारगल्लीतल्या लताचा फोन आला.

"सिस्टर, लई उपकार झाले बघा. नाव कळलं ते बरं झालं. आम्ही गेल्याच महिन्यात पोराची उशी त्याच्याकडनं भरून घेतली हुती. आत्ता जाळली परसात."

"अगं लता, मी लिहिलंय की तो तसं करणार नाही म्हणून!"

"व्हय, ते वाचलं की. तुमचं मन मोठं, तुम्ही तसंच लिहिणार. पण उगंच कुणाचं नाव येतंय का?"

लतानं फोन ठेवला. सिस्टरनी ग्रुप उघडला, आणि मग दुसरा, तिसरा. त्यांच्या निरोपाचे तुकडे सगळीकडे फिरत होते. कुणी 'कधीच करणार नाही' कापून टाकलं होतं. कुणी कापलंही नव्हतं, पूर्ण निरोप ठेवून खाली लिहिलं होतं, 'सिस्टर सांभाळून घेतायत, समजून घ्या.' एक नवा आवाज सांगत होता, 'दवाखान्यातल्या बाईनंच नाव दिलंय. तिला नाही तर कुणाला माहीत असणार?'

तेवढ्यात सिस्टरांचा फोन पुन्हा वाजला. आवाज बदलून येत होता, पण बोली वऱ्हाडातली होती.

"नमस्कार मावशी. मी शेजारमधून बोलून राह्यलो. दोन मिन्टं हायेत काय?"

शिकवणीतल्या पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलेली ही सुरुवात. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"बोला."

"तुमाले चूक म्हनाले नाही आलो मी. तुमी त्या मानसाच्या काळजीनं लिहिलं, हे दिसतेच. फक्त एक दाखवतो. तुमच्या लिहिण्याच्या आंधी आकडा पॉइंट आठ होता. आता तीन पॉइंट एक हाय. पाच वाजेलोक सारं गाव अन् बाजूची चार खेडी."

सिस्टरनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी, आमाले एक बाई शिकवत होत्या," तो गृहस्थ अगदी समजुतीनं म्हणाला. "त्या म्हनत, राग आला तर येऊ द्या, नाव तेवढं घेऊ नका. त्या निरोपात नाव नव्हतं, मावशी. आता हाय."

ती बाई मीच, हे ओठांवर आलं होतं. पण ते सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

"मी पुसून टाकते," त्या म्हणाल्या.

"पुसलं तर लोक म्हनतीन, बाईचं तोंड दाबलं. आकडा वाढतेच, यंत्रानं करून पाह्यलं. पुन्हा 'तो चांगला हाय' लिहाल तर नाव पुन्हा फिरीन. एकच रस्ता दिसते." तो अडखळला. "ती अफवा आता तुमच्या भरोशावर चालून राह्यली. कापसाच्या बाबतीत गावात तुमच्याएवढा भार कोनाचाच नाही. तो भार उतरला, तर तिचंही बळ जाते."

"म्हणजे लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

"हो, मावशी. अन् तो एकदा गेला, की वापस येते का नाही, हे यंत्राले सांगता येत नाही. मी तुमाले करा म्हनत नाही. फक्त सांगतलं."

फोन बंद झाला. केतकी दारात उभी होती. 'सांगितलं होतं ना' असं तिनं म्हटलं नाही, पण म्हटलं असतं तर सिस्टरना सोपं गेलं असतं.

"आई, त्यांना सांगायला हवं आधी," ती म्हणाली. "दस्तगीरमामांना."

गच्चीवर गादी भरून झाली होती. दस्तगीर दोरा ओवून टाके घालत होता. त्याच्या भुवयांवर कापूस बसला होता. बाजूला उरलेला कापूस एका जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यावर ठेवला होता, बाळाच्या उशीचा.

"सिस्टर, कापूस अजून झ्याक हाय बरं का," तो म्हणाला. "आमच्या आब्बांनी निवडून घातला हुता."

"दस्तगीर, तुझा फोन कुठाय?"

"दुकानात, बायकोपाशी. का वो?"

सिस्टरनी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. कापसाचा फोटो, तो आवाज, लतानं जाळलेली उशी. दस्तगीरनं सुई गादीत खोचून ठेवली आणि ऐकत राहिला.

"माझं नाव घातलंय त्यात?"

"हो."

"कुणी घातलं?"

"मी," त्या म्हणाल्या.

दस्तगीर हळूहळू उठला, अंगावरचा कापूस झटकला.

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार, सिस्टर. ते काय मला कळत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "पर सकाळच्याला माझं नाव त्यात न्हवतं."

आणि तो जिन्याकडे वळला. बायको दुकानात एकटी होती.

सिस्टर त्याच्यामागून निघाल्या. जिन्यावर थांबून त्यांनी फोनवर लिहिलं. एरवी त्यांना चार ओळींना दहा मिनिटं लागत, आज मिनिटही लागलं नाही. 'गादीवाल्याचं नाव मी घातलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी काही पाहिलं नव्हतं. न पाहता बोलले. माझं ऐकू नका.' केतकीनं वाचलं आणि विचारलं, "आई, गावात तोंड कसं दाखवशील?" सिस्टर म्हणाल्या, "तेच दाखवायला निघालेय."

दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. पंधरा-वीस माणसं जमली होती. ओरडत कुणी नव्हतं, आणि त्याचीच सिस्टरना जास्त भीती वाटली. लताचा नवरा मोहन कटर घेऊन दुकानात उभा होता. तीन नव्या गाद्या त्यानं उभ्या चिरल्या होत्या आणि पांढराशुभ्र कापूस पायरीवर येऊन पडला होता. दस्तगीरची बायको भिंतीला टेकून उभी होती, हातातली कात्री तिनं पदराखाली धरली होती.

"पांढराच हाय की," गर्दीतलं कुणी म्हणालं.

"हितं पांढराच ठेवणार. घरात बघाय पायजे."

दस्तगीर पुढे व्हायला लागला तेव्हा सिस्टरनी त्याच्या दंडाला धरलं आणि स्वतः पुढे झाल्या. पायरीवरच्या कापसात बसल्या. गुडघे दुखत होते, बसायला वेळ लागला.

"मोहन, पहिला निरोप आहे तुझ्याकडे? फोटोवाला?"

"हाय की."

"वाजव. मोठ्यानं."

मोहननं वाजवला. तो अनोळखी आवाज बाजारपेठेत ऐकू आला. संपला.

"नाव ऐकलंस त्यात?"

मोहननं पुन्हा वाजवला. मान खाली घालून ऐकला. "न्हाई."

"मग नाव कुठून आलं?"

"तुम्ही लिवलं की, सिस्टर."

"मी लिहिलं. मी पाहिलं होतं का? नाही. मला दवाखान्यातनं कुणी सांगितलं? नाही. मला राग आला आणि मी बोलून मोकळी झाले. तू माझ्या बोलण्यावर गाद्या चिरल्यास, तुझ्या बायकोनं उशी जाळली. कापायचंच असेल तर मला काप."

मोहननं कटरचं पातं आत ओढलं. कुणी हसलं, कुणी पुटपुटलं. एक म्हातारा जाताजाता बाजूच्याला म्हणाला, "सिस्टरचं वय झालं आता. कायबी लिवत्यात." दुसरा म्हणाला, "दवाखान्यातबी असंच अंदाजानं सुई टोचत असतील." सिस्टरनी ऐकलं. त्यांना ते हवंच होतं. पण एकतीस वर्षांत त्यांच्या सुईबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

गर्दी एकदम पांगली नाही. एकेक करत माणसं गेली, जाताना मागे बघत गेली. कुणी दस्तगीरची माफी मागितली नाही. साडेचारला सिस्टरच्या फोनवर वऱ्हाडी गृहस्थाचा निरोप आला, 'मावशी, आकडा एकवर हाय. एकवर म्हंजे मरत नाही अन् वाढतही नाही. बसा थोडं.' त्या बसून राहिल्या. बाजारला आलेलं कुणी थांबून विचारलं, की तेच सांगायचं. नाव मी घातलं. पाच वाजता आकडा शून्य पूर्णांक नऊ झाला. त्याच सुमारास यंत्रणेनं कळवलं, की त्यांची शेजारी म्हणून नेमणूक थांबवली आहे. खाली आभाराचं एक छापील वाक्य होतं. सिस्टरनी ते पूर्ण वाचलं.

शून्य पूर्णांक नऊ म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. विझेल, पण हळू. त्यात अजून कुठल्या घरी उशी जळेल, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या बाळाला साधा ताप आला तरी कुणाला काय आठवेल, ते आकड्यात येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नऊच्या सुमारास आला. काही न बोलता गच्चीवर गेला, अर्धे राहिलेले टाके पुरे केले, गादी उन्हात पालटली, सुया डबीत ठेवल्या. बाळाच्या उशीचा कापूस पातळाच्या तुकड्यावर होता तसाच होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून केतकीनं त्याच्यावर परात पालथी घातली होती.

"उशी राहिली, दस्तगीर."

"उशी नको, सिस्टर."

"का रे?"

"गादी मोठ्या माणसाची हाय. उशी लेकराची." त्यानं पिंजण बांधायला घेतलं. "उद्या त्याला शिंक जरी आली तरी मला रातभर झोप न्हाई लागायची."

सिस्टरनी परात उचलली, खाली बसकण मारली आणि हात पुढे केला. दस्तगीरनं डबी उघडून त्यातली बारीक सुई काढून दिली.

सिस्टर शिवू लागल्या. जखमेला टाके घालायची सवय, त्यामुळे टाके लांब पडत होते.

"जवळ घ्या," दस्तगीर म्हणाला. "कोपऱ्यात दोनदा. हां, तसं."

उशी पुरी व्हायला अर्धा तास लागला. एका बाजूला जरा फुगलेलीच झाली. दस्तगीरनं ती हातात घेतली नाही, नुसती वाकून पाहिली आणि पिंजण खांद्याला लावलं.

"चांगली झाली," तो म्हणाला. "कुणी इचारलं, कुणी शिवली, तर तुम्हीच शिवली म्हणून सांगा."

"शिकवली कुणी, तेही सांगेन."

दस्तगीर जिन्यात थांबला. वळला नाही.

"नको, सिस्टर," तो म्हणाला. "माझं नाव नका घेऊ."